मरळीसाठी प्लॅस्टिक वर्म: टेक्सास, वॅकी का अजून काही? सहा गळ घालवून बसलोय

कण्हेरकाठी
नमस्कार मंडळी. मी साताऱ्याचा, रविवार मिळाला की कण्हेरच्या फुगवट्याला नाहीतर उरमोडीला असतो. आधी बरीच वर्षं कणकेच्या गोळ्यावर चिलापी आणि रोहू करायचो, आता दोन वर्षं झाली रबरी बेडूक घेऊन मरळीच्या मागं लागलोय, घरचे म्हणतात नाद लागलाय, लागलाय तर लागलाय.

तर झालंय असं की माझा मावसभाऊ डॅलसला असतो, तिकडं तो बास नावाचा मासा पकडतो, दिवाळीला आला तेव्हा पिशवीभर प्लॅस्टिकचे वर्म, म्हणजे नकली गांडुळं, घेऊन आला. लांब शेपटीचे ७ इंची, मग ते सरळसोट खडूसारखे ५ इंची, थोडे छोटे २-३ इंची पण आहेत, शिवाय वाकड्या मानेचे गळ, बंदुकीच्या गोळीसारखी शिशाची वजनं आणि मशरूमसारख्या डोक्याचे छोटे जिग, म्हणजे डोक्यालाच वजन ओतलेले गळ. देऊन गेला आणि म्हणाला व्हिडिओ बघ. व्हिडिओ बघितले तर टेक्सास, कॅरोलायना, वॅकी, ड्रॉप शॉट, नेड, नेको, असल्या रिगा म्हणजे वर्म, गळ आणि वजन जोडायच्या पद्धती, डोकं फिरलं राव. प्रत्येक जण म्हणतो माझीच भारी.

मागच्या रविवारी मशरूमवाला जिग लावून बसलो, पाण्याखाली बाभळीची जुनी खोडं आहेत हे माहीत असून, सकाळी ७ ते १० मध्ये सहा गेले. मग टेक्सास लावली, अडकायचं थांबलं पण तीनदा ओढलं आणि तिन्ही वेळा हिसका मारला तर नुसता वर्म फाटून हातात. 

प्रश्न दोन. काठावरून, खोडं आणि शेवाळ असलेल्या पाण्यात कुठली रिग धरावी. आणि ओढ बसून पण मासा लागत का नाही.

गळवाले आण्णा
काडू लावा की गप. गांडूळ फुकाट मिळतंय परड्यात, आन तुमी प्लॅस्टिकचं गांडूळ अमेरिकेवरनं आणताय. न्हाईतर बेंडकुळी लावा, मरळ घरी चालत यील.

मिरजेचा डॅलसकर
आण्णा 😄 काडूला चिलापी आणि खेकडे सोडत नाहीत, मरळीपर्यंत पोचेस्तोवर गळ रिकामा, तुम्हाला माहीतच आहे.

मी मूळचा मिरजेचा, १२ वर्षं झाली टेक्सासात आहे, इकडं शनिवार-रविवार बासच करतो त्यामुळं जरा लांबड लावतो, चहा घेऊन बसा.

आधी हे समजून घ्या की एवढ्या रिगा झाल्या कशा. प्लॅस्टिकचा वर्म पहिल्यांदा निक क्रीम नावाच्या माणसानं १९४९ मध्ये ओहायोतल्या ॲक्रन गावात बनवला, घरच्या घरी साच्यात ओतून. वर्म एकच, पण अमेरिकेत पाणी शंभर तऱ्हेचं, कुठं बुडालेली झाडं, कुठं स्वच्छ दगड, कुठं ४०-५० फूट खोल. जिथं जशी अडचण तिथं तशी रिग निघाली. त्यामुळं भारी कुठली हा प्रश्नच चुकीचा आहे भाऊ, तुमच्या पाण्यात तळाला काय आहे हे आधी बघायचं.

टेक्सास रिग झाडांसाठीच आहे. तंगुसात आधी गोळी ओवायची, टोक पुढं, मग ऑफसेट गळ, म्हणजे तुमचा तो वाकड्या मानेचा, बांधायचा. गळाचं टोक वर्मच्या डोक्यात अर्धा सेंटिमीटर घालून बाजूनं काढायचं, गळ ओढत नेऊन त्याचं नेढं वर्मच्या डोक्यात लपवायचं, मग गळ फिरवून वर्म सरळ लोंबू द्यायचा आणि गळाचा बाक जिथं येतो तिथं टोक वर्ममध्ये खुपसून आतच लपवायचं. वर्म सरळ बसला पाहिजे, जरा जरी गोळा झाला तरी पाण्यात गरगर फिरतो आणि तंगूसाला पीळ बसतो. नवीन माणसाचं इथंच चुकतं. ७ इंचीला ३/० किंवा ४/० नंबरचा गळ, ५ इंचीला ३/०.

कॅरोलायना म्हणजे जड वजन, साधारण २० ग्रॅम, त्याच्यामागं मणी, मग स्विव्हल (फिरती कडी), आणि पुढं दोन-तीन फूट मोकळं तंगूस आणि गळ. वजन तळाला घासत येतं, मण्यावर टकटक आपटतं, आणि वर्म मागं तरंगत येतो. मोठ्या धरणात मासा कुठं बसलाय ते शोधायला एक नंबर, पण मोकळा तळ लागतो. खोडात टाकलीत तर वजन अडकणार, स्विव्हल अडकणार, सगळंच अडकणार.

ड्रॉप शॉट मध्ये उलटं, वजन सगळ्यात खाली, गळ त्याच्यावर वीत-दीड वीत. होडीतून सरळ खाली सोडायला बनलेली रिग, खोल पाण्यात मासा तळापासून थोडा वर असतो तेव्हा. काठावरून पण चालते पण तिची खरी मजा जाते.

तुमचा मशरूमवाला जिग म्हणजे नेड रिग, कॅन्सासच्या नेड केडी यांच्या नावावरून. उघडा गळ, छोटा वर्म, स्वच्छ दगडी तळ. बाभळीत टाकल्यावर सहाच गेले म्हणजे नशीबवान आहात.

वॅकी बद्दल वेगळं लिहितो, आता मीटिंग आहे.

केंदाळ किंग
सांगलीचा आहे, कृष्णेच्या काठालाच घर. वरच्या डॅलसकर दादांनी रिगा बरोबर सांगितल्या पण मासा बदलला की हिसका बदलतो, ते कोणी सांगेना म्हणून लिहितोय.

बास वर्मला कसा घेतो, तोंड उघडून पाणी ओढतो आणि वर्म आत जातो. मरळ सहसा असं करत नाही. ती धडक देते, दातानं धरते, बऱ्याचदा नुसती शेपटी धरून पळते. तुम्ही त्याच सेकंदाला हिसका मारला की शेपटी तिच्याकडं आणि डोकं तुमच्याकडं. तुमचे तीन गेले त्यात दोन तरी असे गेले असतील.

दुसरं, मरळीचा जबडा म्हणजे हाड. टेक्सास मध्ये गळाचं टोक वर्ममध्ये लपलेलं असतं, ते आधी वर्म फाडून बाहेर यायचं, मग हाडात घुसायचं. त्याला ताकद लागते. रॉड कुठला आहे, लाईन कुठली आहे ते लिहा आधी.

कण्हेरकाठी
रॉड ७ फुटी मिडियम लाईट आहे, रीलवर साधं तंगूस, १० पौंडी. चिलापीसाठी घेतलेला तोच.

केंदाळ किंग
झालं, सापडलं दुखणं. मिडियम लाईट रॉड वाकतो, साधं तंगूस ताणतं, आणि २५ मीटर लांब गळाला किती जोर पोचणार, काहीच नाही. तुम्ही इकडं जीव खाऊन हिसका मारताय आणि तिकडं वर्म नुसता हलतोय.

माझं असं आहे, मिडियम हेवी म्हणजे जरा ताठ रॉड, ३० ते ४० पौंडी ब्रेड म्हणजे विणलेली लाईन. ब्रेड ताणत नाही, आणि केंदाळात, म्हणजे जलपर्णीत, मासा घुसला तर केंदाळासकट ओढून आणता येतो. गळाचं टोक आरपार काढून वर्मच्या पाठीवर आडवं टेकवायचं आणि कातडीत किंचित खुपसायचं, नखाएवढं. अडकत नाही आणि हिसका मारला की लगेच मोकळं होतं. गळ दुकानातून आणला की नखावर ओढून बघा, नखावर घसरला तर बोथट, नखात रुतला तर चांगला.

आणि ओढ बसली की लगेच मारू नका, रॉड पुढं करा, जरा लाईन द्या, ती ताठ होऊन एका बाजूला चालायला लागली की मग मारा. एक दोन तीन मोजणारे पण आहेत, मी मोजत नाही, लाईन बघतो.

मिरजेचा डॅलसकर
मीटिंग झाली.

किंग भाऊंचं पटलं, फक्त एक, बासला पण हा वाद इकडं आहेच. वर्म मऊ असतो म्हणून बास जरा वेळ तोंडात धरतो, पण जास्त वेळ दिला तर गिळतो आणि गळ घशात जातो, मग सोडताना मरतो. इकडं बरेच जण पकडून सोडतात, आणि टेक्सासात सर्वसाधारण नियम १४ इंचाखालचा सोडायचा, दिवसाला ५ च्या वर ठेवायचे नाहीत, लायसन वेगळं. म्हणून इकडं लवकर हिसका मारायची सवय आहे. तुम्ही ते व्हिडिओ बघून मरळीला तसंच करताय.

अजून एक व्हिडिओत बघून करू नका म्हणजे नका. बासला आम्ही अंगठा तोंडात घालून खालच्या ओठाला धरून उचलतो, त्याचे दात सँडपेपरसारखे. मरळीच्या तोंडात अंगठा घातलात तर परत अंगठ्याचं रेशन कार्ड काढावं लागेल. पक्कड ठेवा, ग्रिपर ठेवा.

वॅकी: तो खडूसारखा ५ इंची सरळ वर्म घ्यायचा, बरोबर मध्यातून छोटा गळ घालायचा, बस. वजन नाही काही नाही. पाण्यात पडला की दोन्ही टोकं थरथरत हळूऽऽ खाली जातो. तो वर्म मिठानं भरलेला असतो म्हणून वजन न लावता बुडतो आणि लांब पण फेकता येतो. मासा सुस्त असतो तेव्हा, थंडीत, किंवा खूप लोक गळ टाकून टाकून मासा शहाणा झालेला असतो तेव्हा वॅकीला तोड नाही. तोटा हा की गळ उघडा, आणि मध्येच टोचल्यामुळं दोन माशात वर्म तुटतो.

गळवाले आण्णा
ह्ये बास बास काय लावलंय मघापास्नं. आपल्याकडं मिळतोय का ह्यो? हाटेलात बासा खाल्ला हाय म्या, त्योच का?

मिरजेचा डॅलसकर
नाही आण्णा, हॉटेलातला बासा म्हणजे पंगास, व्हिएतनामकडून आला, त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही. कोकणातला जिताडा आहे ना, त्याला इंग्रजीत सी बास म्हणतात पण तो पण वेगळा. हा अमेरिकेतला गोड्या पाण्यातला, लार्जमाउथ, तोंड एवढं मोठं की जबडा डोळ्याच्या मागं जातो. आपल्या नदीत नाही तो. तिकडचा रेकॉर्ड आहे २२ पौंड ४ औंस, म्हणजे १० किलोच्या वर, १९३२ मध्ये जॉर्जियात एका शेतकऱ्यानं पकडला, आणि २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावात एकानं बरोबरी केली.

गळवाले आण्णा
१० किलोला येवढं? आमच्या पाव्हण्यानं ह्याच्यापरीस मोठा शिवडा वडलाय संगमावर. बरं चालू द्या.

उरमोडी एक्सप्रेस
मी थोडा उलटा बोलणार आहे, सगळे टेक्सास टेक्सास करताय म्हणून.

उरमोडीला डिसेंबर-जानेवारीत पाणी आरशासारखं असतं, वरून वर्म पडला की ती ७ ग्रॅमची गोळी डुबुक करून पडते आणि जवळपास मरळ असेल तर गेली. मी गोळीच लावत नाही. टेक्सास सारखाच गळ लपवायचा पण वजन शून्य, आणि ५ इंची मिठाचा वर्म. शेवाळाच्या कडेला टाकायचा, बुडू द्यायचा, जरा हलवायचं, परत बुडू द्यायचा. मरळ श्वास घ्यायला वर येते, बुडबुडे दिसतात किंवा नुसतं पाणी हललेलं दिसतं, तिथून दोन-तीन फूट पलीकडं टाकायचा आणि तिच्या पुढ्यात आणायचा. डोक्यावर टाकायचा नाही!! 

वॅकी पण केली आहे मी, ज्यांना वाटतं उघडा गळ अडकतो त्यांनी खोडात करू नये, पण बांधाची दगडी कड असेल, मोकळं पाणी असेल तर वॅकीच. मला टेक्सास पेक्षा वॅकीला जास्त ओढी बसल्यात.

केंदाळ किंग
एक्सप्रेस भाऊ उरमोडी वेगळी आणि आमची नदी वेगळी. आमच्याकडं पाऊस संपल्यावर बंधाऱ्याच्या वर केंदाळ असं दाटतं की वरून कुत्रं चालत जाईल, त्याच्यात बिनवजनाचा वर्म पानावरच बसून राहतो, पाणी बघायलाच मिळत नाही त्याला. मी १४ ग्रॅमची गोळी लावतो आणि ती गळाला चिकटून राहावी म्हणून दातकोरणीचं टोक गोळीच्या भोकात दाबून मोडतो. नाहीतर गोळी खाली जाते आणि वर्म वर पानात राहतो, दोघांची फारकत. केंदाळात भोक बघायचं, ताटाएवढं असलं तरी बास, तिथं सरळ खाली सोडायचं, दोनदा उचलायचं, नाही आली तर पुढचं भोक. लांब फेकायची गरजच नाही, लांब फेकणारे नुसते केंदाळ काढतात.

वॅकीला जास्त ओढी बसल्यात म्हणताय त्यातल्या निम्म्या चिलापीच्या असतील, शेपटी कुरतडतात ती.

उरमोडी एक्सप्रेस
चिलापीची ओढ आणि मरळीची ओढ कळते मला 😏 टकटकटक करते ती चिलापी, मरळ एकदाच देते.

कण्हेरकाठी
भांडू नका, दोघांचं पण लिहून घेतलं. म्हणजे माझ्याकडं खोडं आहेत पण केंदाळ नाही, पाणी मध्यम गढूळ. मग ५-७ ग्रॅम ची गोळी आणि टेक्सास, बरोबर ना? आणि गोळी अडकवून ठेवू का मोकळी?

मिरजेचा डॅलसकर
बरोबर. खोडात अडकवूनच ठेवा, मोकळी असली तर गोळी फांदीच्या एका बाजूनं आणि वर्म दुसऱ्या बाजूनं जातो, मग काढता येत नाही. मोकळ्या तळाला मोकळी ठेवा, माशाला वजन लागत नाही. आणि जमेल तेवढी हलकी गोळी, तळ लागलेला हाताला कळला पाहिजे एवढीच. वारा असेल तर वाढवा.

पडताना लक्ष ठेवा, बासच्या निम्म्याहून जास्त ओढी मला वर्म खाली जाताना बसतात, हाताला काही कळत नाही, फक्त लाईन बाजूला सरकते किंवा मध्येच ढिली पडते.

हो, आणि ते छोटे २-३ इंची वर्म ओढून बघा, रबरबँडसारखे खूप ताणत असतील आणि पाण्यात तरंगत असतील तर ते वेगळ्या मटेरियलचे आहेत, बाकीच्या वर्मबरोबर एका डबीत ठेवू नका. वितळून एकमेकांत चिकटतात, सगळ्याचा लगदा होतो. माझी एक अख्खी डबी गेलीय अशी, गाडीत उन्हात राहिली होती, बायकोनं विचारलं हे काय शिजवलंय.

गळवाले आण्णा
आता येक माझं आयका, मस्करी न्हाई. पाऊस सुरू झाला की मरळीची पिल्लं वर दिसत्यात, लालसर, झुंडीनं, पाणी उकळल्यागत. खाली आई-बाप असत्यात राखणीला. तवा काय बी टाका, प्लॅस्टिक टाका न्हाईतर चप्पल टाका, ती येऊन चावणारच, खायाला न्हाई, पिल्लास्नी वाचवाया. तवा पकडू नका. मोठी मरळ काढली की दोन दिसात त्या पिल्लांचा चुराडा हुतोय, चिलापी आन बगळं खात्यात. म्या तरनापणी काढल्यात, आता न्हाई काढत. आमच्या वड्यात आता मरळच न्हाई ऱ्हायली.

आन सांगलीवाल्यांनी भिलवडी, औदुंबर, अंकलखोप त्या पट्ट्यात गुडघाभर पाण्यात हुबं ऱ्हाऊन गळ टाकू नये, मगरी हाईत. गळ अडकला तर तंगूस तोडा, काढाया पाण्यात उतरू नका. ७० रुपयाच्या वर्मासाठी पाय घालवाल.

केंदाळ किंग
आण्णांना +१. मगरीचं खरंय, मी स्वतः बघितलीय सकाळी काठावर ऊन खात पडलेली, लांबून ओंडका वाटतो. मी त्या बाजूला जातच नाही, आणि केंदाळातून मासा ओढताना तर काठापासून चार पावलं मागं उभा राहतो.

उरमोडी एक्सप्रेस
कण्हेरकाठी, तुम्ही पास काढलाय का? धरणं-तलाव मच्छीमार सोसायट्यांना ठेक्यानं दिलेले असतात, आधी विचारून जावा, मी उरमोडीला सोसायटीच्या माणसाला सांगूनच बसतो, चहा पण पाजतो ते. आणि कोणी कोयना किंवा चांदोलीच्या आत जायचा विचार करत असेल तर नको, तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, तिथं गळ दिसला तरी वनखातं सोडत नाही.

कण्हेरकाठी
विचारलंय विचारलंय, सोसायटीचे एक जण आमच्या आळीतलेच आहेत.

कण्हेरकाठी
अपडेट देतो, दोन रविवार गेले.

मिडियम हेवी रॉड मित्राचा आणला, ३० पौंडी ब्रेड भरली, ७ ग्रॅम गोळी दातकोरणीनं अडकवून, ७ इंची वर्म, जांभळट काळा रंग. पहिल्या रविवारी एकही गळ गेला नाही, आणि एकही मासा आला नाही, नुसता व्यायाम. दुसऱ्या रविवारी ५ ग्रॅम केली. पावणेआठच्या सुमारास खोडाजवळ वर्म पडत होता आणि लाईन मध्येच ढिली पडली, डॅलसकर म्हणाले होते तसंच. मी हिसका मारणारच होतो, मग केंदाळ किंग आठवले, रॉड पुढं केला, लाईन चालायला लागली तेव्हा मारला. सव्वा किलोची मरळ. वर्म तिनं मध्यावरून असा चावला होता की परत वापरायची सोय नाही. नंतर अजून एक लागली पण खोडात घुसली, ब्रेड खोडाला घासून तुटली.

चिलापीनं तीन वर्मच्या शेपट्या तोडल्या, ७ इंचीचं एकच पाकीट उरलंय आता. म्हणून पुढच्या वेळी ५ इंची काढणार, बांधाच्या दगडी कडेला वॅकी करून बघतो. पण एक अडचण आहे, व्हिडिओत वर्म फाटू नये म्हणून मध्यात रबरी रिंग घालतात आणि गळ रिंगखालून काढतात, तसल्या रिंगा भावानं दिलेल्या नाहीत. नळवाल्याच्या दुकानातली वॉशर रिंग चालेल का?

उरमोडी एक्सप्रेस
चालते, मी तीच वापरतो. चपटा वॉशर नको, गोल ओ-रिंग मागा, काळी.

मिरजेचा डॅलसकर
वर्मपेक्षा किंचित लहान घ्या, घट्ट बसली पाहिजे पण वर्मला चर पडायला नको. साईज सांगत बसू नका, वर्म खिशात घेऊनच दुकानात जावा आणि तिथंच घालून बघा.

गळवाले आण्णा
आन दुकानदारानं इचारलं ह्ये काय हाय तर?

कण्हेरकाठी
सांगतो, नळात सापडलं म्हणून 😂